उंदराच्या कोठारातली काळी मुळं

केलेना म्हणजे आमच्या बोलीत भुताची बाई. तिच्याआधी तिच्या आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून आजोबांनी मुद्दाम असलं नाव ठेवलं. दारावरून जाणाऱ्या भुतांना वाटावं, ही आपल्यातलीच आहे, हिला कशाला न्यायचं! भुतं फसली, पोर जगली. पण जगली ती जन्मभर घाबरतच.

ती माझ्या बापाची बहीण, माझी आत्या. धुकं उतरलं की ती घाबरायची. नदीचा बर्फ कडाडला की घाबरायची. परक्या छावणीची कुत्री, अस्वलाचं आठवड्यापूर्वीचं पाऊल, आमच्याकडे क्वचितच होणारा मेघांचा गडगडाट, सगळ्याला भ्यायची. तिचा नवरा ओम्रुवी मोठा थट्टेखोर माणूस. म्हणायचा, "माझी बायको सावलीला भीत नाही. कारण सावली दिसायच्या आत ती तंबूत शिरलेली असते."

पण या सगळ्याहून मोठी भीती होती मुळांची.

आमच्या टुंड्रावर झाडं म्हणजे घोट्याएवढी. वाळुंज जमिनीवर सरपटतं, भूर्जाला उभं राहायची हिंमत नाही. पण त्या जमिनीच्या आत गोड मुळं असतात, आणि ती आमच्याआधी उंदीर गोळा करतात. सगळा उन्हाळा उंदीर ती कुरतडून, धुतल्यासारखी स्वच्छ करून बिळातल्या कोठारात रचून ठेवतो. बायका शरदात टाचेनं जमीन ठोकत फिरतात. पोकळ आवाज आला की शिंगाच्या कुदळीनं वरचा गवताचा थर उचलायचा, अर्धं घ्यायचं, अर्धं ठेवायचं, आणि घेतल्याच्या बदल्यात सुक्या माशाचा तुकडा, थोडी चरबी तिथं ठेवून झाकण पुन्हा लावायचं. सगळं नेलं तर उंदीर वाळुंजाच्या दुबेळक्यात मान अडकवून जीव देतो, असं सगळे सांगतात. आणि असा मेलेला उंदीर चोराला सोडत नाही.

त्या पांढऱ्या मुळांमध्ये कधीकधी एखादं काळं मूळ असतं. छोट्या सलगमासारखं, खाली शेपटी. ते बचनागाचं, निळ्या टोपीसारखं फूल येतं त्या झाडाचं. उंदीर ते कशाला आणतो, देव जाणे. कोणी म्हणतात, त्यांच्या सणाला नशा करायला. आत्या म्हणायची, "चोरासाठी."

तिचे दुधाचे दात पडत होते त्या वयातली गोष्ट. ती आणि तिची थोरली बहीण आईच्या मागून मुळं वेचायला गेल्या होत्या. बहिणीनं वाटेत मूठभर मुळं खाल्ली. थोड्या वेळानं हसत म्हणाली, "ए, माझी जीभ झोपली बघ." दोघींना मजा वाटली. आत्यानं तिची जीभ चिमटीत धरून पाहिली, बहिणीला काही कळेना, दोघी आणखीच हसल्या. मग बहीण बसली. मग आडवी झाली. आत्यानं तिचा हात धरला तर तो ओढ्यातल्या दगडासारखा गार. आई झुडपांपलीकडून धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता अशा बाईनं मुळांना हातच लावू नये. पण आमच्यात ते चालत नाही. हिवाळाभर नुसतं मांस खाल्लं की हिरड्या सुजतात, म्हातारे चिडचिडे होतात, पोरं मलूल पडतात. लग्न होऊन आली तशी सासूनं तिच्या हातात कुदळ दिली. मग तिनं भीतीतच काम करायची रीत बसवली. घरी आणलेली मुळं कातड्यावर पसरायची, एकेक मोडून, हुंगून बाजूला ठेवायची. शिजवल्यावर आधी स्वतः एक खायची, आणि गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसायची. ओठांवर बोट फिरवत राहायची. बाकीचे भांड्याभोवती ताटकळलेले. ओम्रुवी पाहुण्यांना सांगायचा, "थांबा, थांबा. आमच्याकडे जेवणाआधी मरून बघायची पद्धत आहे." सगळे हसायचे. ती हसायची नाही.

मी सांगतेय त्या शरदात पुरुष माणसं परतली नव्हती. उन्हाळ्यात डास फार होतात, म्हणून ते रेनडिअरचा कळप समुद्राकडच्या वाऱ्यावर घेऊन जातात आणि पहिल्या गारठ्याला परत येतात. त्या वर्षी गारठा येऊन गेला, वाळुंजाची पानं पिवळी पडली, तरी टेकडीवर कुणी दिसेना. ओम्रुवी, त्याचा मुलगा एत्तिकाय, माझा बाप, तिघंही तिकडेच. छावणीत आम्ही तिघी. आत्या, एत्तिकायची बायको रुल्तिने, आणि मी. चौथी रुल्तिनेची तान्ही पोर, अजून मान नीट न धरणारी. डॉक्टरीण होती ती वस्तीत, आणि वस्ती कित्येक दिवसांच्या वाटेवर, मधे दोन नद्या.

रुल्तिने समुद्रकाठची, वॉलरस मारणाऱ्यांच्या घरातली. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. लाटांवर कातड्याच्या होडीत बसून वाढलेली बाई, ती उंदराला काय भिणार! सासू रोज सकाळी टेकडीवर जाऊन पुरुषांची वाट बघायची आणि रडवेली होऊन यायची, तेव्हा ती म्हणायची, "आई, तुम्ही वर जाता म्हणून ते येत नाहीत. तुमचा चेहरा लांबून बघून कळप उधळत असेल."

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. रुल्तिनेनं पिशवी उचलली. "गिर्गोल, चल गं. मुळं आणू. माणसं आली की चरबीत घालून खायला घालू."

आत्या कातडं खरवडत होती. तिथूनच म्हणाली, "धुक्यात जाऊ नका. मी येते उद्या बरोबर."

"उद्या तुम्हाला ऊन जास्त आहे म्हणून भीती वाटेल." असं म्हणून रुल्तिनेनं झोपलेली पोर सासूजवळ ठेवली आणि ती निघालीसुद्धा. मी मागून गेले.

ओढ्याकाठच्या सखल जागेत तिची टाच खोल गेली. तिथं इतकं मोठं कोठार होतं की मी तसं आधी पाहिलं नव्हतं. पांढरीशुभ्र मुळं, एकाशेजारी एक लावलेली. रुल्तिने दोन्ही हातांनी भरायला लागली.

मी म्हटलं, "वहिनी, अर्धीच घ्यायची असतात."

"अर्धी कशाला? उंदराकडे पाहुणे येणारेत का?"

"आत्या म्हणते, तो फास घेतो."

ती मातीत बसून खदाखदा हसली. "फास! दोरी कोण वळून देतं गं त्याला? बायको?" भरता भरता ती मुळं चावत होती. मलाही दोन दिली. मी खाल्ली, गोड होती. तळाची मुळं काढताना तिनं तोंड वाकडं केलं, काहीतरी थुंकलं, ओठ पुसले आणि पिशवी बांधली. बिळात ठेवायला आणलेला मासा आम्ही वाटेत खाऊन टाकला होता. ते भोक उघडंच राहिलं. धुक्यात मागं वळून पाहिलं तर ते काळं तोंड उघडल्यासारखं दिसत होतं. मी परत पाहिलं नाही.

घरी आल्यावर आत्यानं पिशवी कातड्यावर रिती केली. एवढा ढीग बघून तिनं आधी विचारलं, "ठेवलीत ना अर्धी?" रुल्तिने पोरीकडे वळली तेव्हाच ती पांढरी पडली. तरी हात निवडत राहिले, आणि मग थांबले. ढिगाच्या कडेला काळं मूळ होतं. शेजारी दुसरं, अर्धं. त्यावर दातांच्या खुणा.

ती अगदी हळू बोलली. "हे कुणी खाल्लं?"

"मीच खाल्लं असेल," रुल्तिने म्हणाली. "एक जरा कडू लागलं. थुंकलं की अर्धं."

"आणि अर्धं?"

"अर्धं पोटात. आई, उगाच घाबरवू नका हं. मला काही झालेलं नाही." असं म्हणून तिनं रडायला लागलेल्या पोरीला उचललं आणि छातीशी धरायला गेली.

आत्यानं झडप घालून पोर ओढून घेतली. त्या बाईनं जन्मात कुणाच्या हातून काही हिसकावलं नव्हतं. रुल्तिने उठून उभी राहिली. "वेड लागलं का तुम्हाला? द्या माझी पोर!"

"नाही देणार."

"भुकेली आहे ती!"

"असू दे. दुधात उतरलं असेल." आत्यानं पोर माझ्या हातात कोंबली. तिचे हात इतके थरथरत होते की पोरीचं डोकं हलत होतं. "गिर्गोल, बाहेर जा. ही कितीही ओरडली तरी हिच्या आईकडे द्यायची नाही. मी सांगितल्याशिवाय द्यायची नाही."

रुल्तिने सासूच्या अंगावर ओरडत होती, तिच्या सात पिढ्यांच्या भित्रेपणाचा उद्धार करत होती. आणि मधेच गप्प झाली. तोंडावर बोटं ठेवली. गाल चोळले.

"आई," ती म्हणाली, "माझी जीभ झोपलीये."

आत्याच्या तोंडून एक आवाज निघाला. किंचाळी नव्हे, दार बंद होताना होतो तसा काहीतरी. मला वाटलं, ही आता बेशुद्ध पडणार आणि मी या दोघींना घेऊन काय करू?

पण ती पडली नाही. तिनं सीलच्या तेलाची पिशवी ओढली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडली. कोमट पाण्यात तेल घालून तिनं ते सुनेला पाजलं आणि घशात बोटं घातली. पुन्हा पाजलं, पुन्हा घातली. रुल्तिने तिला बोचकारत होती, ओकत होती, शिव्या देत होती. हळूहळू शिव्या बंद झाल्या. तेव्हा मला शिव्यांची आठवण यायला लागली.

मी बाहेर पोरीला घेऊन तंबूभोवती फिरत होते. मऊ कातड्याचा तुकडा रश्श्यात बुडवून तिच्या तोंडात दिला. ती चोखायची, थुंकायची, आणि आईचा आवाज आला की तंबूकडे तोंड फिरवून टाहो फोडायची. आतून रुल्तिनेचा आवाज यायचा, "द्या ना एकदा... एकदाच द्या..." धुकं इतकं दाट की मला तंबूचं टोकही दिसत नव्हतं. आणि मला वाटलं, माझ्या ओठांना मुंग्या येतायत.

मी जीभ चावून बघितली. दुखलं. पुन्हा चावली. आता कमी दुखलं का? बोटं गार होती. ती धुक्यानं गार होती की कशानं? त्याच ढिगातली दोन मुळं माझ्याही पोटात होती. मी पाहून खाल्ली होती का? पांढरी होती का? आठवेना. हातात कुणाची तरी पोर आहे आणि मी उभ्याउभ्या मरणार, ही पोर खाली पडणार, आणि आत्या बाहेर येणार नाही.

"आत्या!" मी ओरडले. "मलाही होतंय! माझेही ओठ..."

ती बाहेर आली. केस सुटलेले, कपड्यांवर ओकारी. तिनं माझं बोट धरून नखानं करकचून दाबलं.

"दुखतं?"

"हो! हो!"

"इथं? ओठाला?" तिनं ओठाला चिमटा काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुला विष नाही चढलं, तू भ्यायलीस," ती म्हणाली. "भीतीतलं मला कळतं. पोरीला नीट धर, मान लटकतेय तिची." आणि आत गेली.

दुपार कधी झाली ते कळलं नाही. आत्यानं मला दारातून आत बघू दिलं तेव्हा ती उघड्या अंगानं कातड्यांत शिरली होती, आणि सुनेला कवटाळून तिला ऊब देत होती. रुल्तिनेचा चेहरा घामानं भिजलेला, रंग ओल्या राखेचा. "छाती ऐक हिची," आत्या मला म्हणाली, जणू एकटीनं ऐकणं तिला सोसत नव्हतं. मी पोरीला दाराबाहेर कातड्यात गुंडाळून ठेवलं आणि कान लावला. आत कळप धावावा तसे ठोके पडत होते, आणि एकदम थांबत होते. मग एक. मग काहीच नाही. मग पुन्हा सगळे एकदम.

"आई, मला तुम्ही दोन दिसताय," रुल्तिने जड जिभेनं म्हणाली. "मी गेले तर पोर... समुद्रावर... माझ्या आईकडे."

"गप्प. तिकडे लाटा असतात. मी नाही देणार," आत्या म्हणाली. आणि मग ती बोलतच सुटली. सुनेला झोपू द्यायचं नव्हतं म्हणून जे सुचेल ते. आपल्याला कशाकशाची भीती वाटते ते सगळं सांगायला लागली. लग्नात ओम्रुवीच्या दाढीची वाटली होती. एत्तिकाय पोटात असताना चंद्राची. हेलिकॉप्टरची. रुल्तिने सून म्हणून आली तेव्हा तिच्या हसण्याची. "मला वाटायचं, ही एवढी हसते, हिला दारावरून जाणारं कुणीतरी ऐकेल." मी रडत होते, आणि मधेच मला हसूही येत होतं, त्याची लाजही वाटत होती.

मग रुल्तिनेचा श्वास थांबला.

आम्ही दोघी ऐकत राहिलो. बाहेर पोर रडायची थांबली होती. काही हलत नव्हतं. आत्या "नको, नको, नको" म्हणत उठली. वसंतातल्या वादळात जन्मलेलं पाडस श्वास घेत नसलं की आमच्या बायका त्याच्या नाकात फुंकर मारतात आणि छाती चोळतात. आत्यानं तेच केलं. नाक दाबलं, तोंडात फुंकलं, छाती चोळली, फुंकलं. ती फुंकायची, मान वळवून ऐकायची, आणि तिच्या डोळ्यांत मला तेवढीच भीती दिसायची जेवढी नेहमी असायची. जराही कमी नाही. पण हात थांबत नव्हते.

रुल्तिने खोकली. घशातून खरखर आली, आणि श्वास आत गेला.

तसं त्यानंतर आणखी एकदा झालं. उजाडता उजाडता तिचे हात कोमट झाले. तिनं पाणी मागितलं, ते ओकली, पुन्हा मागितलं. आत्या तंबूबाहेर येऊन बसली आणि तिला अशी थंडी वाजायला लागली की मी दोन कातडी घातली तरी दात वाजायचे थांबेनात.

पोर तिनं त्याही दिवशी आईकडे दिली नाही. रुल्तिनेला दूध पिळून मातीत टाकायला लावलं. रुल्तिने सासू म्हणेल तशी वळत होती.

ती उठून बसू लागली तेव्हा आत्यानं सगळी मुळं पुन्हा पिशवीत भरली, काळी सोडून. काळी दगडाखाली पुरली. पिशवीवर दोन मासे ठेवले, चरबीचा मोठा गोळा ठेवला. मला म्हणाली, "चल. मला एकटीला धाडस नाही."

ओढ्याकाठी जमीन कडक झाली होती. वाळुंजाच्या झुडपांपाशी आल्यावर तिनं डोळे मिटले आणि माझी बाही धरली. "तू बघ गं. दुबेळक्यात काही लटकलंय का?"

मी बघितलं. एका फांदीच्या दुबेळक्यात काहीतरी काळसर होतं, वाऱ्यानं हलत होतं. माझा हात आखडला, तो तिला बाहीतून कळला असावा. "आहे ना? आहे ना?" ती पुटपुटायला लागली. मी एक पाऊल टाकलं, थांबले, आणखी एक टाकलं. ते सुकलेलं, गुंडाळलेलं पान होतं.

"पान आहे, आत्या."

"नीट बघ."

"हात लावला मी. पान आहे."

तिनं तरी डोळे उघडले नाहीत. मी तिला बिळापर्यंत धरून नेलं. तोंडाशी ताजी माती होती. कुणीतरी आतून डागडुजी करत होतं. आत्या गुडघ्यांवर बसली, चाचपडत मुळं आत ठेवली, मासे ठेवले, चरबी ठेवली, आणि मोठ्या घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलली. "लेकरू आहे आमची सून. समुद्रावरची. तिला रीत ठाऊक नव्हती. तुम्हीही चिडलात, ते झालं. आता आमच्या दाराशी येऊ नका." शेवाळाचं झाकण लावलं आणि मला ओढत जवळजवळ पळतच निघाली.

पुरुष दोन-चार दिवसांनी आले. नदीला पूर होता, म्हणून अडले होते, बाकी काही नाही. ओम्रुवी लांबूनच ओरडला, "आहेत का जिवंत सगळ्या, की आमच्या बाईनं धुक्याला भिऊन छावणी सोडली?" कुणी हसलं नाही. एत्तिकायनं बायकोचा चेहरा पाहिला आणि घोंगडी टाकून तिच्याकडे धावला. ओम्रुवीनं सगळं ऐकलं. त्यानंतर घरात मुळं शिजली की बायको पहिलं मूळ खायची आणि हा तिच्या शेजारी बसून लगेच दुसरं खायचा. ती म्हणायची, "थांब ना, मला आधी कळू दे." तो म्हणायचा, "एकटीनं काय वाट बघायची!"

रुल्तिनेच्या करंगळ्या थंडीत बधिर व्हायच्या, त्या कायमच्याच. ती पुन्हा मोठ्यानं हसायला लागली, पण बऱ्याच दिवसांनी. मुळं मात्र सासूसारखीच एकेक मोडून बघायची, आणि रात्री पोरीच्या नाकाशी हात धरून श्वास तपासायची. एत्तिकाय वैतागून म्हणायचा, "आधी घरात एक होती, आता दोन झाल्या."

पुढच्या वसंतात माझं लग्न होऊन मी नदीपलीकडच्या छावणीत गेले. आत्या काठापर्यंत आली, बर्फावर पाय ठेवायला तयार झाली नाही. तिथूनच ओरडून सांगत राहिली, मधून जाऊ नका, कडेनं जा, घसरगाडीवरून उतरून चाला, कुत्री सैल सोडू नका. ती गेली तीसुद्धा अशाच दिवसांत, खोकल्यानं, काही वर्षांनी. बर्फ फुटला होता, नदी ओलांडता येत नव्हती, आणि मला बातमी कळली तेव्हा बेरींच्या झुडपांना फुलं आली होती. एत्तिकाय सांगत होता की डॉक्टरीण हेलिकॉप्टरनं आली होती, आणि आत्यानं सुई टोचून घ्यायच्या आधी तिला विचारलं होतं, "ही तुम्ही आधी स्वतःला टोचून बघितलीत का?"